भट्टीतले डांबर आणि देहातले लोह

एके काळी नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली असलेल्या छत्तीसगडच्या मुलखात, मुंबई-हावडा लोहमार्गावर, दुर्ग शहराच्या शेजारी वसलेल्या भिलाईचे नाव २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत रशियाशी झालेल्या करारामुळे देशभर झाले, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाल्यापासून तर भिलाई म्हणजे पोलाद आणि भिलाई म्हणजे रेल्वेचे रूळ हे समीकरण, विदर्भातून नोकरीनिमित्त तेथे जाऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपासून शाळकरी मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकापर्यंत, सर्वत्र रूढ होऊन बसले. परंतु पोलादाच्या कारखान्यात केवळ पोलादच निपजते असे नाही. झोतभट्टीला लागणारा कोक ज्या विभागात तयार होतो, तेथे दगडी कोळशाचे जे विघटन घडते त्यातून निघणाऱ्या पदार्थांच्या यादीत एक द्रव्य असे आहे की, ते स्वतः मानवी देहातील एका महत्त्वाच्या विकराला चेतविते आणि त्याच्यापासून घडविलेले दुसरे द्रव्य त्याच विकराला कायमचे बंद पाडते. प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये निर्माण करणारे हे विकर म्हणजेच एन्झाइम, त्याला जागे करणारी रसायने आणि त्या जागे होण्याचे आपल्या दुखण्याखुपण्याशी असलेले नाते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कोठडीतला कोळसा

कोक ओव्हनची बॅटरी म्हणजे उंच आणि अरुंद कोठड्यांची एक लांबलचक रांग. प्रत्येक कोठडीत कोळसा भरून, वारा लागू न देता, तो एक हजार अंश सेल्सिअसहून अधिक तापमानावर कित्येक तास भाजला जातो. मुदत पुरी झाली म्हणजे दोन्ही बाजूंचे दरवाजे काढले जातात, एका अंगाने यंत्राचा जाडजूड दांडा आत शिरून तापून लाल झालेली कोकची भिंत पुढे रेटू लागतो, ती भिंत दुसऱ्या अंगाला उभ्या असलेल्या गाडीत ढासळत जाते, आणि जेथे पाण्याने विझविण्याची जुनी पद्धत आहे तेथे ती गाडी मनोऱ्याखाली पोचताच पांढऱ्या वाफेचा प्रचंड लोट आकाशात चढतो. पाहणाऱ्याची नजर त्या लोटावर खिळते. रसायनशास्त्रज्ञाचे लक्ष मात्र भाजणी चालू असताना कोठडीच्या माथ्यावरील नळांतून निघून गेलेल्या वायूकडे असते. तो वायू थंड केला म्हणजे त्यातून अमोनिया मिळतो व त्याचे अमोनियम सल्फेट हे खत बनते. बेंझॉल मिळते, नॅप्थलीन मिळते, आणि टनभर कोळशामागे सुमारे ३० ते ४० किलो काळेकुट्ट डांबर मिळते. याच डांबरातून फ्रीडलीब रुंगे या जर्मन रसायनज्ञाने १८३४ साली कार्बोलिक अम्ल, म्हणजे आजच्या परिभाषेत फिनॉल, वेगळे काढले होते. त्वचा जाळणारे हे विषारी द्रव्य जोसेफ लिस्टर यांनी १८६५ पासून जखमा निर्जंतुक करण्यासाठी वापरले, आणि शस्त्रक्रियेचा इतिहास पालटला. हेरमान कोल्बे यांनी १८७४ साली फिनॉलपासून सॅलिसिलिक अम्ल मोठ्या प्रमाणावर बनविण्याची व्यवहार्य रीत सिद्ध केली, बायर कंपनीतील फेलिक्स होफमान यांनी १८९७ साली त्या अम्लाला अ‍ॅसिटिल गटाची जोड दिली, आणि १८९९ पासून ते द्रव्य अ‍ॅस्पिरिन या नावाने बाजारात आले. आज फिनॉल बहुतांशी खनिज तेलापासून बनते. डांबराचे ते महत्त्व आता उरलेले नाही. तथापि वेदनाशामकांच्या घराण्याचे मूळ पुरुष कोळशाच्या डांबरातून आले, ही वस्तुस्थिती कायम आहे.

मेंढ्याच्या ग्रंथीतील कारखाना

अ‍ॅस्पिरिन दुखणे का थांबविते, हे मात्र पाऊणशे वर्षे कोणालाही सांगता येत नव्हते. त्याचे उत्तर ज्या संशोधनातून निघाले त्याचा आरंभ वेदनेच्या विचारातून झालाच नाही. १९३० साली न्यूयॉर्कच्या कुर्झरॉक व लीब या दोघा वैद्यकांच्या असे नजरेस आले की, मानवी वीर्याच्या स्पर्शाने गर्भाशयाच्या स्नायूची पट्टी कधी आकुंचन पावते, तर कधी सैल पडते. पुढे इंग्लंडात गोल्डब्लॅट यांनी आणि स्वीडनमध्ये उल्फ फॉन ऑयलर यांनी एकमेकांच्या निरपेक्ष असे दाखविले की, हा प्रभाव एका स्निग्ध अम्लासारख्या द्रव्याचा आहे. ते पुरःस्थ ग्रंथीतून, म्हणजे प्रोस्टेटमधून येत असावे अशा समजुतीने फॉन ऑयलर यांनी १९३५ साली त्याला प्रोस्टाग्लँडिन हे नाव दिले. ते वस्तुतः शुक्राशयातून येते हे नंतर कळले, तरी नाव चिकटले ते चिकटलेच. सुने बर्गस्ट्रॉम यांनी ही द्रव्ये शुद्ध स्फटिकरूपात मिळवून त्यांची रचना उलगडली, आणि १९६४ साली स्टॉकहोममध्ये त्यांच्या गटाने व नेदरलँड्समध्ये फान डॉर्प यांच्या गटाने स्वतंत्रपणे सिद्ध केले की, मेंढ्याच्या शुक्राशयातील विकर वीस कार्बन अणूंच्या अ‍ॅरॅकिडोनिक अम्लाला प्राणवायू जोडून त्यापासून प्रोस्टाग्लँडिने तयार करते. त्या विकराचे नाव सायक्लोऑक्सिजिनेज. १९७१ साली लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी अ‍ॅस्पिरिन याच विकराचे काम थांबविते असे दाखवून जुने कोडे सोडविले; बर्गस्ट्रॉम, त्यांचे शिष्य बेंग्ट सॅम्युएलसन आणि व्हेन या तिघांना १९८२ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

विकर बंद कसे पडते याची कथा येणेप्रमाणे सर्वतोमुखी झाली. परंतु जे बंद करावयाचे ते मुळात चालू कसे होते, हा प्रश्न मात्र प्रयोगशाळांच्या चार भिंतींबाहेर फारसा कोणी विचारला नाही. वास्तविक तो अधिक मूलगामी आहे. कारण पेशीमध्ये हे विकर असते, प्राणवायू असतो, आणि तरीही आपण चोवीस तास वेदनेने विव्हळत किंवा तापाने फणफणत नाही. याचा अर्थ, चालू करणारे काहीतरी निराळे असले पाहिजे.

पहिला बंदोबस्त देहाने असा करून ठेवला आहे की, कच्चा माल मोकळा ठेवावयाचा नाही. अ‍ॅरॅकिडोनिक अम्ल पेशीच्या पटलातील स्निग्ध रेणूंत बांधलेले असते आणि फॉस्फोलिपेज ए-२ नावाचे दुसरे एक विकर ते सोडवून देईपर्यंत सायक्लोऑक्सिजिनेजला करण्यासारखे कामच नसते. या फॉस्फोलिपेजला चेतविणारी द्रव्ये निसर्गात मुबलक आहेत. मधमाशीच्या विषातील मुख्य घटक मेलिटिन हा २६ अमिनो अम्लांची एक लहानशी साखळी आहे. तो पेशीपटलात घुसून फॉस्फोलिपेजच्या कामाला चालना देतो, आणि डंखाच्या जागी येणाऱ्या लाल, ठणकत्या गांधीत या चालनेचाही वाटा असतो. आयुर्वेदात तीव्र रेचक म्हणून प्रसिद्ध असलेल्या जमालगोट्याच्या तेलातील फॉर्बॉल एस्टर ही द्रव्ये अधिक आडवळणाने जातात: ती पेशीतील संदेशवाहक विकरांना खोटा हुकूम देतात, परिणामी अ‍ॅरॅकिडोनिक अम्लाची सुटका तर होतेच, शिवाय नवे सायक्लोऑक्सिजिनेज बनविण्याचेही काम सुरू होते. ते तेल कातडीवर लागले की जी आग होते तिचे कारण हे.

आधी ठिणगी, मग क्रिया

समजा, कच्चा माल मिळाला, विकरही हजर आहे. एवढ्याने भागते काय? भागत नाही, हे ज्या प्रयोगाने कळले तो जरा जवळून पाहण्यासारखा आहे. मेंढ्याच्या शुक्राशयातून काढलेले विकर एका लहान बंद पात्रातील द्रावणात ठेवले आहे, द्रावणात विरघळलेला प्राणवायू क्षणोक्षणी मोजणारा इलेक्ट्रोड त्यात बुडविला आहे, आणि त्याला जोडलेली लेखणी सरकत्या कागदावर सरळ आडवी रेघ ओढीत आहे. बारीक पिचकारीने पात्रात अ‍ॅरॅकिडोनिक अम्ल सोडावे. काही क्षण काहीच घडत नाही. रेघ आडवी ती आडवीच. मग एकाएकी ती खाली वळते आणि प्राणवायू झपाट्याने खर्ची पडत असल्याची ग्वाही देत उताराला लागते. पण हा वेगही टिकत नाही. मिनिट-दोन मिनिटांत उतार मंदावतो आणि रेघ पुन्हा आडवी होते. पात्रात अम्ल शिल्लक असते, प्राणवायू शिल्लक असतो, काम तेवढे थांबलेले असते. आणखी अम्ल घातले तरी उपयोग होत नाही. ताजे विकर घातले की मात्र रेघ पुन्हा खाली येते.

आरंभीचा विलंब, मधला वेग आणि शेवटचा निःशक्तपणा या तीन अवस्थांचा उलगडा करण्यात अमेरिकेतील विल्यम लँड्स व त्यांच्या सहकाऱ्यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी पात्रात ग्लुटाथायोन आणि त्याच्या साहाय्याने पेरॉक्साइडांचा नाश करणारे ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे विकर घातले, तेव्हा क्रियेला खीळ बसली; उलट हायड्रोपेरॉक्साइड अल्पांशाने घातले तेव्हा आरंभीचा विलंब नाहीसा झाला. अर्थ उघड होता. सायक्लोऑक्सिजिनेज जन्मतः निद्रिस्त असते आणि त्याला जागे करण्यासाठी हायड्रोपेरॉक्साइडाचा लेश लागतो. यातील खरी गंमत अशी की, हे विकर अ‍ॅरॅकिडोनिक अम्लाला प्राणवायूचे दोन रेणू जोडून पहिल्या टप्प्यात जे प्रोस्टाग्लँडिन जी-२ बनविते ते स्वतःच एक हायड्रोपेरॉक्साइड आहे. दूध विरजावयाचे तर आधीच्या दह्याची कवडी हवी, आणि एकदा दही लागले की ते पुढच्या विरजणाला पुरून उरते, तसाच हा प्रकार होय: उत्पादन हेच उत्पादनाचे उत्तेजक. म्हणूनच आधी सामसूम आणि मग एकदम झपाटा. यासाठी लागणारे प्रमाणही आश्चर्य वाटावे इतके अल्प आहे. ते लिटरमागे मोलच्या अब्जांश भागांत मोजावे लागते.

विलंबाचा उलगडा झाला, पण पेरॉक्साइड नेमके जागे करते ते कोणाला? १९७० नंतरच्या दशकात हे विकर शुद्ध स्वरूपात हाती आले तेव्हा उत्तर मिळाले. रक्तातील हिमोग्लोबिनला जो लाल रंग देतो तोच हीम हा घटक या विकराच्या पोटात बसलेला आहे आणि हीमच्या मध्यभागी लोहाचा एकच एक अणू आहे. हीम काढून घेतले की विकर मृतवत, परत दिले की पुन्हा सजीव. दल्ली-राजहराच्या खाणींतील ज्या लाल दगडावर भिलाईच्या झोतभट्ट्या चालतात, त्यातील लोह आणि हे लोह मूलद्रव्य म्हणून एकच. त्या दगडात ते प्राणवायूशी जखडलेले असते आणि त्याला त्या बंधनातून सोडविण्यासाठी कोक खर्चावा लागतो. येथे त्याच्या उलट, पेरॉक्साइडाचा रेणू लोहाच्या अणूला गाठून त्याच्याकडून इलेक्ट्रॉन हिरावून घेतो आणि त्याला अत्यंत भुकेल्या, उच्च ऑक्सिडीकृत अवस्थेत नेऊन ठेवतो. ती भूक लोह शेजारच्या टायरोसिन या अमिनो अम्लावर भागविते. विकराच्या साखळीतील ३८५ व्या स्थानी असलेले हे टायरोसिन इलेक्ट्रॉन गमावून मुक्तमूलक बनते, आणि अ‍ॅरॅकिडोनिक अम्लाच्या तेराव्या कार्बनवरून हायड्रोजनचा अणू उपटून काढण्याचे खरे काम हेच मुक्तमूलक करते. अशा टायरोसिन-मूलकाचा पुरावा १९८८ साली जर्मन संशोधकांनी प्रसिद्ध केला, आणि १९९४ साली शिकागो विद्यापीठात या विकराचे स्फटिकचित्र मिळाले तेव्हा लोह आणि टायरोसिन यांची जागा अपेक्षेप्रमाणे एकमेकांच्या शेजारीच सापडली. विकर मिनिटा-दोन मिनिटांत का मरते याचाही उलगडा यातच आहे: इतकी दाहक मूलके पोटात बाळगणारे विकर शेवटी स्वतःचीच घडण बिघडवून घेते.

फिनॉलचे दुहेरी वर्तन

आता पुन्हा डांबराकडे वळू. मेंढ्याच्या ग्रंथीवर काम करणाऱ्या पहिल्या पिढीतील संशोधकांना अनुभवाने कळले होते की, पात्रात हायड्रोक्विनोन घातले म्हणजे प्रोस्टाग्लँडिनांचे उत्पन्न वाढते. पुढे खुद्द फिनॉल, अ‍ॅड्रिनालिन, ट्रिप्टोफॅन अशी कितीतरी द्रव्ये तोच गुण दाखविणारी निघाली. त्यांत साम्य एवढेच की, ती सारी सहजपणे इलेक्ट्रॉन देऊ करतात. लोहाचा अणू उच्च अवस्थेत गेला की ती त्याला इलेक्ट्रॉन पुरवून पूर्वस्थितीवर आणतात. त्यामुळे विकराचा स्वतःचा दाह कमी होतो, त्याचे आयुष्य वाढते आणि तेवढ्या वाढीव मुदतीत ते अधिक माल काढते. जपानमध्ये ओसामु हायाइशी यांच्या गटाने बैलाच्या शुक्राशयातील असाच एक नैसर्गिक उत्तेजक शोधून काढला आणि १९७९ साली जाहीर केले की तो दुसरा तिसरा कोणी नसून युरिक अम्ल आहे. ज्याचे स्फटिक सांध्यात साचले की वातरक्ताचा रोगी रात्र-रात्र तळमळतो, ते हे युरिक अम्ल.

परंतु फिनॉलचे प्रमाण वाढवीत गेले की चित्र पालटते. थोड्या फिनॉलने जे उत्पादन वाढले तेच फार फिनॉलने घटू लागते. कारण इलेक्ट्रॉनांचा पुरवठा अति झाला म्हणजे तो केवळ दाह शमवून थांबत नाही, तर ज्या ठिणगीवर सगळे काम चालते तिलाही विझवून टाकतो. म्हणजे उत्तेजक आणि निरोधक हे द्रव्याच्या कपाळी कायमचे कोरलेले हुद्दे नव्हेत; मात्रा किती, जागा कोणती आणि भोवती पेरॉक्साइड किती, यावर एकच द्रव्य कधी हा हुद्दा सांभाळते, कधी तो. औषधशास्त्रातील पुष्कळसा गोंधळ हे तत्त्व नजरेआड केल्याने होतो, असे मला वाटते.

याचे एक लक्षणीय उदाहरण मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेतील आहे. फ्रेडरिक क्यूएल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली 'नेचर' या नियतकालिकात एमके-४४७ या फिनॉल-वर्गीय संयुगाचा वृत्तान्त दिला. हे संयुग प्रोस्टाग्लँडिनांचे उत्पादन वाढविणारे आणि तरीही प्राण्यांमधील दाह कमी करणारे होते! प्रोस्टाग्लँडिन म्हणजे दाह आणि उत्पादन थांबविणे म्हणजे उपचार, असा सरळ हिशेब मांडणाऱ्यांना हा धक्काच होता. क्यूएल यांचे स्पष्टीकरण असे की, प्रोस्टाग्लँडिन जी-२चे पुढच्या एच-२ या द्रव्यात रूपांतर होताना जे दाहक ऑक्सिडीकारक मूलक मोकळे होते, ते हे संयुग टिपून घेते. ते औषध म्हणून रूढ झाले नाही. पण विकर चेतविणे म्हणजे रोग वाढविणे नव्हे, हा धडा त्याने शिकविला.

दुसरे उदाहरण आपल्या प्रत्येकाच्या घरातील औषधांच्या डब्यात आहे. पॅरासिटामॉल हेही रचनेने एक फिनॉलच. ताप उतरविते, डोके दुखणे थांबविते, पण सुजलेल्या सांध्याची सूज मात्र त्याला ओसरविता येत नाही, हे त्याचे जुने वैचित्र्य. व्हँडरबिल्ट विद्यापीठातील संशोधकांनी २००२ साली त्याचा जो उलगडा दिला तो वर सांगितलेल्या तत्त्वाशी तंतोतंत जुळतो. पॅरासिटामॉल लोहाला इलेक्ट्रॉन पुरवून विकराला पुन्हा निजवू पाहते. जेथे पेरॉक्साइड तुटपुंजे आहे तेथे ते यशस्वी होते, आणि जेथे पेशींत पेरॉक्साइडाचा मारा चालू आहे तेथे विकर निजवावे तितक्या वेळा पुन्हा जागे होते. दाहाच्या जागी तर श्वेतपेशी नायट्रिक ऑक्साइड आणि प्राणवायूचे मूलक दोन्ही सोडीत असतात; त्यांच्या संयोगातून बनणारे पेरॉक्सिनायट्राइट स्वतःच सायक्लोऑक्सिजिनेजला चेतविते, असे १९९६ साली त्याच विद्यापीठातून प्रसिद्ध झाले होते. अशा जागी बिचाऱ्या पॅरासिटामॉलचा पाड काय लागणार?

अ‍ॅस्पिरिनची तऱ्हा अगदी निराळी. ते ठिणगीच्या वाटेस जातच नाही. अ‍ॅरॅकिडोनिक अम्ल ज्या चिंचोळ्या मार्गाने विकराच्या गाभ्यात शिरते, त्या मार्गावरील ५३० व्या स्थानच्या सेरीन या अमिनो अम्लाला ते आपला अ‍ॅसिटिल गट कायमचा चिकटविते आणि वाटच अडविते. लोह शाबूत राहते, पण त्याच्या शेजारच्या टायरोसिनपर्यंत माल पोचत नाही. रक्ताची गुठळी बांधण्यास साहाय्य करणाऱ्या प्लेटलेटना केंद्रक नसल्यामुळे नवे विकर बनविण्याची सोय त्यांच्याजवळ नसते, सबब एकदा अडविलेली वाट त्यांच्या आठ-दहा दिवसांच्या आयुष्यात पुन्हा खुली होत नाही, आणि म्हणूनच हृदयविकाराच्या रोग्यांना अ‍ॅस्पिरिनची रोजची अल्प मात्रा पुरते. फिनॉल व अ‍ॅस्पिरिन, एकाच डांबराच्या घराण्यातील ही दोन नावे एकाच विकराशी किती भिन्न रीतीने वागतात, हे यावरून ध्यानात येईल.

दोन भावंडे

१९९१ साली हा मामला आणखी गुंतागुंतीचा झाला, कारण सायक्लोऑक्सिजिनेजला एक धाकटे भावंड असल्याचे उघडकीस आले. थोरले जवळजवळ सर्व पेशींत नित्य हजर असते. जठराचे अस्तर सुरक्षित ठेवणे, मूत्रपिंडाचा रक्तप्रवाह सांभाळणे, प्लेटलेटना गुठळी बांधण्यास साहाय्य करणे ही त्याची रोजची कामे. धाकटे बहुतेक ठिकाणी इजा किंवा संसर्ग झाल्यावरच तयार होते, आणि त्याला जागे व्हावयास थोरल्याच्या मानाने सुमारे एकदशांश पेरॉक्साइड पुरते. धाकट्यालाच तेवढे अडविले तर दाह थांबेल आणि जठरही वाचेल, या आशेने निघालेल्या औषधांपैकी रोफेकॉक्सिब हे हृदयविकाराचे झटके वाढवीत असल्याचे आढळल्यावरून ३० सप्टेंबर २००४ रोजी बाजारातून मागे घ्यावे लागले. रक्तवाहिन्यांचे अस्तर गुठळीला प्रतिबंध करणारे प्रोस्टासायक्लिन बनविते, त्यात या धाकट्याचाही हात असतो, हे त्यावेळी पुरेसे हिशेबात धरले गेले नव्हते. प्रसूतीच्या वेळी तर ही द्रव्ये हवीच असतात. गर्भाशयाचे मुख मऊ होऊन कळा याव्यात म्हणून डॉक्टर जे डायनोप्रोस्टोन वापरतात ते प्रोस्टाग्लँडिन ई-२च होय.

भट्टीवरील माणूस

भिलाईसारख्या गावी या साऱ्याचे महत्त्व पुस्तकी राहत नाही. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी तेथील कोक ओव्हन विभागात वायुवाहिनीचा स्फोट होऊन अनेक कामगार मृत्युमुखी पडले, तेव्हा होरपळलेल्यांना सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालयात दाखल करण्यात आले होते. भाजलेल्या कातडीत वर वर्णिलेले सारे प्रकार एकदम घडतात: पेशीपटले फाटून अ‍ॅरॅकिडोनिक अम्ल मोकळे होते, धावून आलेल्या श्वेतपेशी पेरॉक्साइडे सोडतात, विकर चेतते, आणि प्रोस्टाग्लँडिन ई-२ रक्तवाहिन्या रुंद करून व मज्जातंतूंची संवेदना तीव्र करून साध्या फुंकरेचाही स्पर्श असह्य करून सोडते.

याहून नित्याचा प्रश्न उन्हाळ्याचा. छत्तीसगडात वैशाखाचे ऊन पंचेचाळीस अंशांच्या घरात जाते आणि भट्टीपुढे काम करणाऱ्याला वरून ऊन व समोरून भट्टी अशी दुहेरी आच लागते. अशा वेळी अंग तापले की घरातील मंडळी पॅरासिटामॉलची गोळी पुढे करतात. येथे नीट समजून घेतले पाहिजे. संसर्गाने येणाऱ्या तापात मेंदूच्या तळाशी प्रोस्टाग्लँडिन ई-२ निर्माण होऊन देह स्वतःच आपले नियत तापमान वर चढवून घेतो. ते विकर निजविले की ताप उतरतो. ऊन लागल्याने अंग तापते तेव्हा नियत तापमान होते तेथेच असते. देहाला बाहेरची उष्णता परतवून लावता येत नाही, एवढेच घडलेले असते. विकर जेथे चेतलेलेच नाही तेथे विकर निजविणारे औषध काय करणार? उष्माघातात पॅरासिटामॉलने अंग उतरत नाही, उलट आधीच ताणाखाली असलेल्या यकृतावर बोजा वाढतो. रोग्याला सावलीत नेऊन कपडे सैल करणे, गार पाण्याने अंग भिजवून वारा घालणे आणि विनाविलंब रुग्णालय गाठणे, एवढाच त्यावरचा इलाज.

आणि शेवटी मूत्रपिंडाचा मुद्दा, जो माझ्या मते सर्वांत अधिक दुर्लक्षित आहे. घामाने अंगातील पाणी व क्षार आटले म्हणजे रक्तदाब टिकविण्यासाठी देह रक्तवाहिन्या आवळू लागतो; त्या आवळण्यात मूत्रपिंडांची उपासमार होऊ नये म्हणून तेथील सायक्लोऑक्सिजिनेज हिरिरीने काम करून प्रोस्टाग्लँडिने सोडते आणि मूत्रपिंडाकडे जाणारी वाट मोकळी राखते. नेमक्या त्याच वेळी, पाळी संपवून कंबर धरून घरी आलेला मजूर दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी आणून रिकाम्या पोटी घेतो. कंबरेचे विकर अडते तसे मूत्रपिंडाचेही अडते. गोळीला दोहोंतील भेद कळत नाही. एखाद्या दिवसाने बहुधा बिघडत नाही, पण उन्हाळाभर हा क्रम चालला, त्यात रक्तदाबाची औषधे चालू असली, मधुमेह असला किंवा वय उतरणीला लागले असले, तर मूत्रपिंडाचे कायमचे नुकसान होण्याचा संभव खरा आहे.

तेव्हा वेदनाशामकाचा विचार करताना ते किती जोरकस आहे एवढेच पाहणे पुरेसे नाही. आपण जे विकर विझवू पाहतो ते या घटकेला देहात आणखी कोठे जागे आहे आणि तेथे ते कोणाचे काम करीत आहे, हे आधी विचारले पाहिजे. आणि ज्याला पाणी पिऊन तासभर विसावा घेणे शक्य आहे त्याने गोळीपूर्वी ते करावे, व ज्या कामावर तसे करण्याची मुभा नसते तेथे ती मिळवून देण्याची जबाबदारी वैद्यकाइतकीच व्यवस्थापनाचीही आहे, असे म्हणावयास हरकत नाही.